तलावातले सतरा शिंपे

आमच्या घरात माशांवरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नसतील. आई खालाटीची, म्हणजे समुद्राला लागून असलेल्या गावची; तिच्या माहेरच्या माडांच्या बुंध्याशी भरतीचं पाणी यायचं. बाबा वलाटीचे, घाटाच्या पायथ्याचे. त्यांच्या गावाला नदी होती आणि त्या नदीला एक खोल डोह होता, त्याला ते कोंड म्हणायचे. आई म्हणायची, नदीच्या माशाला चव असते ती चिखलाची. बाबा म्हणायचे, तुझ्या समुद्राच्या माशाचा वास चार घरं पलीकडे जातो, तेवढाच त्याचा पराक्रम. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, मोरीच्या कडेला बसून आई विळीवर बांगडे चिरायची तेव्हा हे सुरू व्हायचं. ताई लग्न होऊन पनवेलला गेली होती, त्यामुळे बाजू घ्यायला मी एकटीच उरले होते आणि मी दोघांनाही फितूर होते. आईजवळ बसले की समुद्र भारी, बाबांजवळ बसले की नदी. आज पन्नाशी उलटली तरी ही खोड गेलेली नाही. समोर जो असेल त्याची बाजू घेते आणि मागाहून स्वतःवर चिडत बसते.

चाळीत कुणाकडे काय शिजतंय हे वासाच्या आधी आवाजाने कळायचं. पाट्यावर ओलं खोबरं वाटण्याचा आवाज वेगळा, सुक्या मिरच्यांचा वेगळा. पहाटे पाणी आलं की मजल्यावरच्या सगळ्या कळश्या एकदम बोलू लागायच्या, तासाभराने नळ खोकायला लागला की बायकांचे आवाज चढायचे, आणि मग पुरुष कामावर गेले की गॅलरीत थोडी शांतता व्हायची. आमच्या खोलीतला सगळ्यात कमी आवाज बाबांचा. ते घरात शिरले तरी कळायचं नाही. चप्पल काढून, पाय धुऊन, खिडकीखाली भिंतीला टेकून बसायचे आणि आई ताट पुढे करेपर्यंत आपल्या नखांतला चिखल काढत राहायचे. गिरणीतल्या माणसाच्या केसांत कापूस असतो, आमच्या बाबांच्या नखांत चिखल असायचा, कारण ते पाणीखात्यात होते.

गिरणीला स्वतःचा तलाव होता हे आता सांगितलं तर लोकांना थाप वाटते. पण होता. बॉयलरला पाणी लागायचं, आग लागली तर विझवायला लागायचं, म्हणून मागच्या बाजूला दगडी काठांचा मोठा चौकोनी तलाव बांधलेला होता. त्याच्या पंपाची जबाबदारी बाबांची. उन्हाळ्यात ते पाणी हिरवंगार व्हायचं, शेवाळाने पंपाची जाळी तुंबायची आणि बाबांना दिवसातून तीनदा कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती खरवडावी लागायची. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. एकदा ते रजेवर गावी गेले आणि परतताना ओल्या गोणपाटात कोंडीतले जिवंत शिंपे, म्हणजे गोड्या पाण्यातले शिंपले, घेऊन आले, आणि दोन डब्यांत नदीचे मासे. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही, सगळं तलावात सोडून दिलं. गावच्या कोंडीत जिथे शिंपे असायचे तिथला तळाचा खडा दिसायचा, एवढंच त्यांना माहीत होतं. दोन उन्हाळे गेले आणि जाळी तुंबायची थांबली. खात्यातल्या लोकांना कळलं तेव्हा ते हसून म्हणाले, हा शिंपा तर तलावाचा राखणदार. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो आणि वर्षातून एकदा त्याला नारळ द्यावा लागतो. बाबांचा देवाधर्मावर विश्वास बेताचाच, पण तलावाच्या काठावर दरवर्षी नारळ मात्र तेच फोडायचे.

शिंपा करतो काय, तर काहीच करत नाही. अर्धा चिखलात रुतून बसतो, तोंड जरासं उघडं ठेवतो आणि दिवसभर पाणी आत ओढून बाहेर सोडतो. त्या पाण्यातलं हिरवं, बारीक जे काही असेल ते तो खातो. जे नको असेल ते गोळी करून तळाशी टाकतो. पाणी स्वच्छ झालं की ऊन तळापर्यंत पोचतं. ऊन पोचलं की तळाला पाणवनस्पती येते, तिच्यात किडे येतात, किड्यांमागे मासे, माशांमागे बगळे. एक शिंपा कुणाच्या खिजगणतीत नसतो, पण त्यांची वसाहत असली की अख्खं तळं तिच्या जिवावर चालतं. हे मी कॉलेजात शिकले. बाबांना ते न शिकता ठाऊक होतं, आणि त्या वयात मला त्याचा राग यायचा.

गिरणी बंद पडली तेव्हा मी दुसरीत होते. कापडाची खाती थांबली, माणसं घरी बसली, पण आगीसाठी तलाव भरलेला ठेवणं भाग होतं म्हणून देखभालीला पाच-सहा जण ठेवले, त्यांत बाबा होते. त्या वर्षी आमच्या चाळीतले लोक गळ घेऊन गिरणीच्या मागच्या फाटकाशी यायचे आणि बाबा त्यांना आत घ्यायचे. नियमात बसत नव्हतं, पण ज्यांच्याबरोबर वीस वर्षं डबा खाल्ला त्यांना काय सांगणार. बाबा स्वतःही संध्याकाळी कागदात गुंडाळून दोन-तीन मासे आणायचे. आई कोकमाचं आगळ आणि तिरफळ घालून त्यांचं तिखलं करायची, आणि चिखलाचा वास येतो असं एकदाही म्हणाली नाही. त्या वर्षी आमच्या घरात नदी-समुद्राचं भांडण झालं नाही. एवढ्यावरून ते वर्ष कसं होतं ते समजावं. वर्षाच्या शेवटी तलावात एकही मासा उरला नाही. पुढे मलेरियावाल्यांनी डासांसाठी गप्पी मासे सोडले, बोटाच्या पेराएवढे. तलाव पुन्हा भरल्यासारखा दिसायला लागला आणि आम्ही सगळे ती गोष्ट विसरलो.

त्या जागी आता टॉवर आहे. मागे एका ओळखीच्यांकडे बारशाला गेले होते तर सातव्या मजल्यावर बाग आणि बागेत तळं. निळ्या फरशीचं, गुडघाभर खोल, मधोमध कारंजं. पाण्याला औषधाचा वास. यजमानीण म्हणाली, बघा किती क्लिअर आहे. मी आयुष्यभर पाण्याचे नमुने तपासायची नोकरी केली, त्यामुळे अशा वेळी तोंड आवरणं मला जड जातं. तरी मी छान आहे म्हटलं आणि पेढा घेतला.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी प्राणिशास्त्र घेतलं होतं आणि प्रकल्प म्हणून तलावातले शिंपे. आमचे परेरा सर गिरगावातल्या खोताच्या वाडीत राहायचे. बुटके, जाड भिंगांचे, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांनी सांगितलं म्हणून मी घरी खिडकीत काचेच्या दोन बरण्या ठेवल्या. दोन्हीत तलावाचं हिरवं पाणी, एकीत एक शिंपा. आई सकाळी बरण्यांवरून करवादली, लोणच्याच्या बरण्या होत्या त्या. दुपारी तिने शेजारच्या काकूंना हाक मारून आणलं. शिंप्याच्या बरणीतून पलीकडचे खिडकीचे गज स्वच्छ दिसत होते आणि दुसरी बरणी होती तशीच हिरवी. आई पदर खोचून कितीतरी वेळ बघत बसली. म्हणाली, "बाय, ह्येका हात नाय, पाय नाय, आणि बघ कसो राबता." त्या दिवसापासून शिंप्यांबद्दल वाकडं बोलायची सोय राहिली नाही. बाबांनी इतकी वर्षं सांगून जे झालं नव्हतं ते एका बरणीने झालं.

पण तलाव स्वतः पूर्वीसारखा राहिला नव्हता. दरवर्षी पाणी थोडं अधिक हिरवं होत होतं आणि बाबा पुन्हा जाळी खरवडायला लागले होते. काठावर रिकाम्या शिंपांच्या जोड्या सापडायच्या. बाबा त्या उचलून खिशात ठेवायचे. त्याच हिवाळ्यात कळलं की जमीन विकली गेली आहे आणि तलाव उपसून बुजवणार आहेत. उपसायचा पंप चालवायला सांगितलं तेही बाबांनाच. तीन दिवस पाणी उतरत गेलं आणि चौथ्या दिवशी बाबा आणि मी चिखलात उतरलो. हातांनी चाचपून, पायांच्या बोटांनी चाचपून, सकाळपासून दुपारपर्यंत शोधलं. रिकामे शिंपले घमेलंभर निघाले. जिवंत सापडले सतरा. सगळे माझ्या पंजाएवढे, पाठीवर वर्षांच्या वळ्यांवर वळ्या चढलेले. मी चाळणीने काठचा गाळ चाळला, पण नखाएवढं पिल्लू एकही मिळालं नाही. बाबांनी सगळे ओल्या पोत्यात ठेवले आणि फाटकाबाहेर आल्यावर म्हणाले, "ह्ये जगूक होये, बाय." बाबांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. कधी पाण्याचा तांब्या मागितला नाही त्यांनी, स्वतः उठून घ्यायचे.

एक शिंपा जेवणाच्या डब्यात पाणी घालून मी परेरा सरांच्या घरी नेला. लाकडी जिना, ओटीवर वेताची खुर्ची, आतून त्यांच्या बहिणीच्या शिवणयंत्राचा आवाज. सरांनी शिंप्याला हातही न लावता आधी मला लिंबाचं सरबत दिलं. मग चिमट्याने तोंड अगदी थोडं फाकवून टॉर्चने आत पाहिलं आणि म्हणाले, "मुली, ही बाई गरोदर आहे. कल्ले बघ कसे फुगलेत. हजारो पिल्लं असतील आत."

मला इतका आनंद झाला की सरबत सांडलं. मी म्हटलं, "मग सर, तलावात एकही लहान कसा नाही?"

"मासे कुठले आहेत तिथे?"

"गप्पी."

सर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "शिंप्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला स्वतःचं असं काही करता येत नाही. ते माशाच्या कल्ल्याला जाऊन चिकटतं, काही आठवडे तिथे वाढतं, मग खाली पडून चिखलात राहायला लागतं. मासा नाही, तर पिल्लू दोन दिवसांत संपलं. आणि कुठलाही मासा चालत नाही. जे एकाच नदीत वाढले तेच एकमेकांना ओळखतात. गप्पी बहुतेक चालणार नाही. तुमच्या तलावात पूर्वी मासे होते ना? त्यांचं काय झालं?"

इथे मला गिरणीतली घरी बसलेली माणसं आठवली, असं लिहिलं तर छान दिसेल. तसं काही झालं नाही. मला तिरफळाचा वास आठवला. आगळात शिजलेला तो मऊ, काटेरी मासा आणि आईने काटे काढून माझ्या ताटात सारलेले तुकडे आठवले. दरवर्षी हे शिंपे पिल्लं सोडत होते आणि ती पाण्यात मरत होती, दहा-बारा वर्षं, कारण मासे आम्ही खाल्ले होते. यात कुणाला दोष देणार. भूक लागली होती तेव्हा खाल्ले. सरांना मी म्हटलं, "संपले, सर."

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ नखं कोरत बसले. मग म्हणाले, मासे गावाहून आणता येतील, कोंडीतलेच. बाबा एवढं सरळ वाक्य बोलल्याला वर्ष झालं असेल. एका निळ्या ड्रमचा खालचा अर्धा भाग कापून आणला, गॅलरीत आमच्या दारासमोर सावलीत ठेवला, तळाला तलावातलाच गाळ घातला आणि वर तलावाचं पाणी. सतराही जण दोन दिवसांत रुतून बसले आणि तोंडं किलकिली केली. मजल्यावरची माणसं ड्रम ओलांडून जायची, पण कुणी कुरकूर केली नाही. गिरणीचं शेवटचं काहीतरी आहे एवढं सगळ्यांना समजलं होतं. सरांनी सांगितलं होतं की मासे लवकर यायला हवेत, पिल्लं कधीही बाहेर पडतील. बाबांनी एस.टी.चं तिकीट काढलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात कॉलेजची अभ्याससहल होती, रत्नागिरीला, समुद्री जीव पाहायला, सहा दिवस. तिला गुण होते, चुकवून चालणार नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

जाताना मी आईला सगळं समजावलं. नळाचं पाणी थेट घालायचं नाही, बादलीत एक दिवस ठेवून मग घालायचं. खायला काही टाकायचं नाही. उचलून बघायचं नाही. ऊन आलं तर गोणपाट टाकायचं. दोनदा सांगितलं आणि तिच्याकडून वदवून घेतलं. आई म्हणाली, "जा गो तू. मिया काय पोरा वाढवूक नाय?" काय करायचं नाही याची एवढी मोठी यादी मी केली आणि तिच्यात एक गोष्ट घातली नाही, कारण असं कुणी करेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतक्या वर्षांनी मला कळतं की ती यादी मी वलाटीच्या माणसासाठी केली होती. जिच्यासाठी करायची ती खालाटीची होती.

परत आले ती दुपारी. जिना चढतानाच वास आला. आई ड्रमशेजारी पाटावर बसली होती, ती सकाळपासून जेवलेली नव्हती. "बाय, काल रातीपासना तोंडा उघडली हत," ती म्हणाली. "माका काय बरा वाटना नाय." मी वाकून पाहिलं. पंधरा शिंपे सताड उघडे होते. आत पांढरं मांस सुटून हलत होतं. दोन अजून घट्ट मिटलेले होते. मी अजून पाठीवरची पिशवी उतरवली नव्हती, तेवढ्यात जिन्यावर बाबांची पावलं वाजली. त्यांच्या दोन्ही हातांत मिळून एक पांढरा कॅन होता, ओल्या पंच्यात गुंडाळलेला. नऊ मासे घेऊन निघाले होते, पहाटेपासून मांडीवर कॅन धरून बसले होते, वाटेत थांब्याथांब्यावर हाताने पाणी ढवळलं होतं. "तीन ऱ्हवले," ते म्हणाले आणि हसले. मग त्यांनी आमची तोंडं पाहिली.

बाबांनी कॅन खाली ठेवला. ड्रमशी उकिडवे बसले, एक उघडा शिंपा उचलून पुन्हा जागेवर ठेवला. मग पाण्यात बोट बुडवून त्यांनी ते जिभेला लावलं.

आईच बोलत होती, आपणहून, भराभर. तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ते तोंड मिटायला लागले. तिला वाटलं, पाणी मानवत नाही. तिच्या माहेरी तिसऱ्या, म्हणजे समुद्रातले छोटे शिंपले, आणल्या की आधी मिठाच्या पाण्यात ठेवतात. मग त्यांना आपण समुद्रातच आहोत असं वाटतं, त्या निवांत तोंड उघडतात आणि पोटातली वाळू टाकतात. शिंपलं म्हटलं की त्याला खारं पाणी हवं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिला जन्मापासून ठाऊक होतं. म्हणून तिने रोज सकाळी मूठभर खडेमीठ ड्रमात विरघळवलं. मीठ पडलं की ते आणखी घट्ट मिटायचे, मग तिला वाटायचं अजून पुरत नाही. दुपारी त्यांच्याशी बोलत बसायची, असं शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं. बोलून झाल्यावर तिने बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "मीठ कमी पडला काय ओ?"

माझं तोंड उघडलं होतं. वाक्य पूर्ण तयार होतं, आणि ते साधं नव्हतं, त्यात तिच्या चौथीपर्यंतच्या शिक्षणाचाही उद्धार होता. बाबांनी माझ्याकडे न पाहता माझा घोटा धरला. खाली बसलेल्या माणसाला तेवढाच हाताला लागत होता. आईला म्हणाले, "नाय गे. म्हातारे झाल्ले ते. जावचेच होते." आई रडायला लागली आणि बाबांनी तिला आत नेऊन जेवायला वाढलं. त्यांनी कुणाला वाढलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नंतर गॅलरीच्या टोकाला, मला एकटीला गाठून ते म्हणाले, "तिका काय सांगू नको. तिना जीव लावल्यान त्येंका." मी म्हटलं, "आणि तुमचं काय, बाबा?" ते म्हणाले, "माजा काय." मिटलेले दोन शिंपे मी गोड्या पाण्यात बादलीत ठेवले. एक दुसऱ्या दिवशी सताड उघडला, एक चौथ्या दिवशी. सरांनी सांगितल्याप्रमाणे मी त्यांचे कल्ले कापून काचपट्ट्या केल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लं दिसत होती, प्रत्येकाला दोन इवलीशी झाकणं, एकही हलत नव्हतं. सतराही शिंपले औषधात घालून, चिठ्ठ्या लावून मी प्रकल्प दिला. बाहेरच्या परीक्षकांनी शेरा मारला की नमुने उत्तम जतन केलेले आहेत. मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले आणि त्या गुणांवर पुढे नोकरी लागली. तीन मासे बाबांनी चाळीमागच्या विहिरीत सोडले. महिन्याभराने डासांसाठी त्या विहिरीवर सिमेंटचं झाकण बसलं.

मी बाबांचं ऐकलं, पण मनापासून ऐकलं नाही. कित्येक वर्षं आईवर माझा आतून राग होता आणि तिला तो का आहे हे माहीत नव्हतं. ती विचारायची, काय गो, माज्यावर कसल्या रागान बोलतस. मी म्हणायची, काही नाही. मी तिच्याशी ज्या तुटक सुरात बोलायला शिकले तो सूर अजून माझ्या घशात आहे. बाबांनी तिला वाचवलं आणि किंमत माझ्याकडून वसूल केली, असंही मला वाटायचं. ते गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत रिकाम्या शिंपांच्या जोड्या निघाल्या, रुमालात बांधलेल्या. त्यांच्यावर रागवायचं तर आता ते नव्हते. परवा गावच्या चुलतभावाला फोनवर विचारलं, कोंडीत अजून शिंपे सापडतात का. तो म्हणाला, "शिंपे खयचे? वाळू काढून काढून कोंडच ऱ्हवली नाय." म्हणजे जिथून आणले तिथेही नाहीत आणि जिथे आणले तिथेही नाहीत.

चाळ पाडून झालेल्या इमारतीत आई आता माझ्याजवळ असते, चौदाव्या मजल्यावर. वय झालं. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, पण जुनं सगळं लख्ख आहे. मागच्या महिन्यात एका दुपारी आम्ही कोळंबी सोलत बसलो होतो. आईची बोटं अजून माझ्यापेक्षा झपझप चालतात. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "तुज्या बापाशीन आणलेले ते शिंपे. माज्यामुळा गेले ते."

मला वाटलं, कळलं हिला. कुणीतरी सांगितलं, किंवा एवढ्या वर्षांनी तिचं तिलाच उमगलं. मी म्हटलं, "असा कित्याक म्हणतस?"

"बरणीत मीठ थोडाच होता," आई म्हणाली. "वाण्याकडे जावक होया होता. चार जिने उतरूचे म्हणून मिया आळस केलंय. हात आखडून घातलंय मीठ. भरपूर घातलंय असता तर जगले असते. तुजो बापूस एवढ्या लांबसून मासे घेवन इलो. त्येचा तोंड अजून दिसता माका." तिच्या हातात अर्धी सोललेली कोळंबी तशीच होती. "तो माका बरा वाटूचा म्हणून म्हातारे म्हणालो. माका काय कळणा नाय?"

एवढी वर्षं ती हे घेऊन जगत होती. बाबांनी जे ओझं तिच्यावर पडू नये म्हणून माझं तोंड बंद केलं, ते तिने केव्हाच उचललं होतं, फक्त उलट्या बाजूने. मी तिला खरं सांगितलं असतं तर त्यात तिला काय मिळणार होतं? आणि खोटं सांगायला बाबांकडे जे होतं ते माझ्याकडे नव्हतं. मी तिच्या हातातली कोळंबी घेऊन सोलून पातेल्यात टाकली.

"मीठ भरपूर होता, आये," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली, मी तिची समजूत काढते आहे असं समजून, आणि पुढची कोळंबी उचलली.